धातू, परमा, नामर्द : पुरुषाच्या लज्जेचा शब्देतिहास

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग व्हावयाचा होता. जिल्हाधिकारी जॅक्सन ह्यांची बदली झाल्यामुळे त्यांच्या निरोपादाखल तो ठरविला होता. आणि तेथेच अनंत लक्ष्मण कान्हेरे ह्या अठराव्या वर्षात असलेल्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. राजकीय इतिहासात ही घटना सुपरिचित आहे. तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहता येते. ज्या नाटकासाठी लोक जमले होते, त्यात भुजंगनाथ नावाचा जख्ख म्हातारा द्रव्यबळावर एका अजाण मुलीशी लग्न लावू पाहतो. त्या मुलीची भूमिका त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुरुष नटानेच करावयाची होती. प्रेक्षागृहात कान्हेरे होता. पुरुषपणाची तीन भिन्न रूपे त्या रात्री एका छपराखाली आली होती, आणि तिन्हींविषयीचा समाजाचा निवाडा भाषेत आधीच तयार होता. म्हातारा हास्यास्पद, लुगडे नेसणारा नट रंगमंचापुरता कौतुकास पात्र, आणि तरुण, राज्यकर्त्यांच्या दफ्तरात खुनी असला तरी लोकांच्या तोंडी ‘मर्द’. ह्या तिघांच्याही शरीराविषयी, त्याच्या आजाराविषयी किंवा इच्छेविषयी, चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द मात्र तत्कालीन शिष्ट मराठीत क्वचितच सापडला असता.

प्रस्तुत विवेचनाचा विषय हे शब्दच होत. पुरुषाच्या कामजीवनासंबंधीचे मराठीतील बहुतेक रूढ शब्द मुळात शरीराचे नव्हेत. शौर्य, वारसा, राजसेवा, गोठा अशा निरनिराळ्या क्षेत्रांतून ते आले आणि कालांतराने शरीरावर येऊन बसले. येताना त्या त्या क्षेत्रातील मानापमानही त्यांनी बरोबर आणला. याचा परिणाम असा झाला की, ज्याला केवळ आजार झाला आहे अशा पुरुषासही वैद्याकडे जाण्यापूर्वीच आपण अपराधी आहो असे वाटू लागले.

प्रथम ‘मर्द’ आणि ‘नामर्द’ ही जोडी घ्यावी. दोन्ही शब्द फारसी. फारसीत ‘मर्द’ म्हणजे पुरुष आणि शूर पुरुष, असे दोन्ही अर्थ आहेत. बखरींच्या आणि ऐतिहासिक पत्रव्यवहाराच्या मराठीत ही जोडी मुख्यतः रणांगणावरची आहे: मर्द म्हणजे टिकून लढणारा, नामर्द म्हणजे कच खाणारा, पळपुटा. ‘मर्दुमकी’ ह्या शब्दात तोच अर्थ आजही शुद्ध स्वरूपात टिकून आहे. मर्दुमकी गाजविली असे म्हणताना कोणाच्याही मनात शय्यागृह येत नाही. ‘नामर्द’चे तसे झाले नाही. शरीरवाचक अर्थ त्या शब्दात पूर्वीही सुप्त असावा. पण छापील जाहिरातींच्या युगात ‘नामर्दी’ हे एका आजाराचे नाव झाले, आणि रणांगणावरून पळणाऱ्याची बदनामी त्या आजाराच्या माथी आयती आली. वैद्यकाच्या दृष्टीने ज्याच्या मुळाशी मधुमेह असू शकतो, रक्तवाहिन्यांचा विकार असू शकतो किंवा नुसती चिंताही असू शकते, त्या तक्रारीला मराठीने भ्याडपणाचे नाव दिले. उलट दिशेचा प्रवासही चालू राहिला. एखाद्या अधिकाऱ्याच्या मेजावर मोर्चेकऱ्यांनी बांगड्यांचा आहेर ठेवणे, सरकारला षंढ म्हणणे, हे प्रकार महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात इतके अंगवळणी पडले आहेत की त्यात कोणाचा अपमान होतो याचा विचार क्वचितच केला जातो. अधिकाऱ्याचा होतो तो होतोच. परंतु ती बांगडी जिच्या हातात रोज असते तिचाही होतो.

‘क्लीब’ आणि ‘नपुंसक’ ह्यांचा इतिहास याहून जुना आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. संस्कृत व्याकरणात ‘नपुंसक’ हे लिंगाचे निरुपद्रवी नाव आहे, आणि मराठी शाळेत ते प्रत्येक मूल शिकते. गंमत अशी की, ‘मूल’ हा शब्द स्वतःच नपुंसकलिंगी आहे. लेकरू, पोर, वासरू हे शब्दही तसेच. धर्मशास्त्रात मात्र तोच शब्द दायभागाच्या चौकटीत गेला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात क्लीब, पतित, जन्मांध, बधिर इत्यादींना वारशाच्या अंशातून वगळले आहे; केवळ पोटापाण्याची सोय करावी एवढेच तेथे सांगितले आहे. म्हणजे शरीराचा दोष हा येथे मालमत्तेचा प्रश्न झाला. वैद्यकग्रंथांचा दृष्टिकोन तुलनेने शांत दिसतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे बीजोपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय असे चार प्रकार कारणांनुसार सांगितले आहेत. त्यांपैकी वार्धक्य हे एक कारण मानले आहे, ही गोष्ट भुजंगनाथाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आसेक्य, सौगंधिक, कुंभीक, ईर्ष्यक आणि षंढ असे पाच प्रकार येतात. त्यातील कारणमीमांसा आज ग्राह्य धरता येणार नाही. तथापि प्रकार पाडणे म्हणजे निदान पाहणे तरी आहे, आणि मराठीत उतरताना नेमकी ही प्रकारव्यवस्था गळून पडली. उरला तो एक ‘षंढ’, आणि तोही शिवी म्हणून. वारशाचा नियम १९२८ च्या कायद्याने बहुतांशी गेला आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पुरताच गेला, शिवी राहिली.

दरबारातून आलेला ‘खोजा’ हा शब्दही येथे आठवतो. मूळ फारसी ‘ख्वाजा’ म्हणजे धनी, सन्माननीय गृहस्थ. जनानखान्यावर नेमलेल्या, खच्ची केलेल्या अधिकाऱ्यास हा सन्मानदर्शक शब्द लावला जाई, आणि मराठीपर्यंत पोचेतो त्यातील सन्मान जाऊन केवळ शरीराचा उणेपणा उरला. ‘खच्ची’ हा तर गोठ्यातला शब्द: बैल शेतीच्या कामाला लावण्यापूर्वी खच्ची करतात. आजच्या वृत्तपत्री मराठीत कार्यकर्त्यांचे, शिक्षकांचे किंवा पोलिसांचे ‘खच्चीकरण’ होत असल्याच्या तक्रारी नित्य छापून येतात. लिहिणाऱ्यास त्यातील बैल दिसत नाही, एवढे ते रूपक झिजले आहे. शब्द मात्र झिजत नाही, आणि त्याचे परिणाम पुढे एका अनपेक्षित जागी दिसून येतील.

आता ‘धातू’. आयुर्वेदाने शरीराचे सात धातू मानले: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. एकातून दुसरा तयार होतो, आणि शुक्र हा सर्वांत शेवटचा, म्हणून सर्वांत सारभूत. धातू म्हणजे धारण करणारे. व्याकरणात क्रियापदाच्या मुळाला हाच शब्द लावतात. बोलभाषेने सातांपैकी सहा धातू सोडून दिले आणि एकालाच ते नाव ठेवले. ‘धातू जाणे’ ह्या वाक्प्रयोगात म्हणूनच शरीराचा आधारच निसटत असल्याची भीती भरलेली आहे. रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब होतो ह्यासारखे लोकप्रसिद्ध हिशेब त्या भीतीला अंकगणिताचा आधार पुरवितात. आखाड्यातील ‘लंगोटाचा पक्का’ हा गौरव त्याच कल्पनेची दुसरी बाजू होय. जपून ठेवले तर बळ, गेले तर क्षय. झोपेत होणारे स्खलन हा तारुण्यातील स्वाभाविक शरीरव्यापार आहे आणि हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, हे आज निर्विवाद आहे. तरीही अशक्तपणा, अंगदुखी, उदासपणा आणि अपराधीपणा ह्या तक्रारी घेऊन धातू जात असल्याचे सांगणारे तरुण दवाखान्यांत येतच राहतात. डॉ. एन्. एन्. विग ह्यांनी १९६० मध्ये ह्या लक्षणसमूहाला ‘धात’ हेच नाव देऊन त्याचे वर्णन केले, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याची नोंद झाली. येथे आजार शब्दाने निर्माण केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. उदासपणा खराच असतो. परंतु त्या उदासपणाला व्यक्त होण्यासाठी भाषेने जो दरवाजा उघडा ठेवला होता तो हाच, आणि म्हणून तरुण त्याच दरवाजाने बाहेर आला.

संसर्गजन्य रोगांची नावे पाहिली तर वेगळीच प्रक्रिया दिसते. संस्कृत ‘प्रमेह’ हे मूत्राच्या विकारांचे व्यापक नाव होते. त्यातूनच ‘मधुमेह’ हा तत्सम शब्द आला आणि त्याचाच तद्भव ‘परमा’ हाही. पहिला शब्द आज बैठकीत उच्चारता येतो, किंबहुना काहीशा प्रतिष्ठेनेही सांगितला जातो. दुसरा कानात सांगावा लागतो. एकाच धातूच्या दोन लेकरांपैकी एक वाड्यात वाढले आणि दुसरे गल्लीत. ‘उपदंश’ हा सुश्रुतातील जुना शब्द नव्या रोगासाठी पुन्हा कामी लावला गेला. सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त त्या नव्या रोगाला ‘फिरंगरोग’ असे सरळ नाव दिले होते, कारण तो फिरंग्यांच्या संसर्गाने आला असे त्याचे मत होते. परकीयाला दोष देणारे का होईना, पण ते विशिष्ट रोगाचे विशिष्ट नाव होते; त्याच्या मागोमाग चोपचिनी आणि पाऱ्याचे औषधही सांगितलेले होते. ही वेगवेगळी नावे मागे टाकून त्यांच्या जागी जो एकच शब्द सर्वत्र बसला तो ‘गुप्तरोग’. त्याला शब्द म्हणावे की पडदा, असा प्रश्न पडतो. तो रोगाचे स्थान सांगत नाही, कारण सांगत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की, ह्याविषयी बोलू नये.

ही लज्जा केवळ देशी परंपरेतून आली असे समजणे चुकीचे होईल. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीचे उदाहरण पुरेसे आहे. मायदेशी परतणारे गोरे शिपाई जहाजाची वाट पाहत तेथे दीर्घकाळ अडकून पडत. त्यांच्या बोलीत ‘देवळाली’चे ‘डूलॅली’ झाले आणि वेड लागलेल्या माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणू लागले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च. आळस, उष्मा, मद्य आणि छावणीतील रोग ह्यांचा बोजा अशा रीतीने एका मराठी गावाच्या नावावर पडला. त्याच काळात सरकारने १८६८ मध्ये हिंदुस्थानासाठी जो सांसर्गिक रोगांचा कायदा केला, त्यात नोंदणी आणि सक्तीची तपासणी वेश्यांची होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषाची नव्हती. १८८८ मध्ये तो रद्द झाला. पुरुषाचा रोग स्त्रीच्या शरीरात शोधण्याची ही पद्धत आपल्याकडील जुन्या समजुतींना अगदीच परकी नव्हती, म्हणूनच ती सहज पचली.

ह्या पार्श्वभूमीवर रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे कार्य पाहिले म्हणजे त्याचे भाषिक अंग ठळकपणे नजरेत भरते. कर्व्यांना संततिनियमनाचे प्रवर्तक म्हणून ओळखतात, आणि ते योग्यच आहे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि ह्याच मतांपायी विल्सन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन त्यांना सोडावे लागले. पण १५ जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांनी चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा खरा विशेष प्रश्नोत्तरांत आहे. तेथे वाचक, आणि त्यांत बहुसंख्य मध्यमवर्गीय पुरुष, आपापल्या शंका लिहून पाठवीत. ह्या पत्रव्यवहाराचा डग्लस हेन्स आणि श्रीकांत बोत्रे ह्यांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हस्तमैथुन, स्वप्नावस्था, शक्तिपात ह्यांविषयीची चिंता त्यात पुन्हापुन्हा आढळते. बाहेरून सुशिक्षित, नोकरदार, कुटुंबवत्सल दिसणारा हा पुरुष आतून किती घाबरलेला होता, हे दाखविणारे याहून चांगले मराठी साधन मिळणे कठीण. कर्व्यांची उत्तरे थोडक्यात असत, पुष्कळदा तुसडी असत. सहानुभूती हा त्यांचा गुण नव्हता. पण गणिताच्या अध्यापकाला शोभेल अशी एक शिस्त त्यांत होती: प्रश्नातील शब्द बाजूला सारून ते वस्तुस्थिती सांगत. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ ह्या पुस्तकाच्या नावात त्यांनाही रूढ शब्दच वापरावा लागला, कारण वाचकाने पुस्तक उचलावे तर त्याला त्याचा शब्द दाखविलाच पाहिजे. आत मात्र गुप्त असे काही ठेवलेले नव्हते.

सरकारने आणि सनातन्यांनी त्यांच्यावर घाला घातला तो शब्दांमुळेच. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ ह्या लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा दुसरा खटला प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळचा आहे, कारण तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच भरला गेला होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हे त्यांतील विषय. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही; वाचकाच्या शंकेत विकृती असेल असे मानले तरी ती ज्ञानानेच दूर होऊ शकते; असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि दोनशे रुपये दंड केला. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहामुळे १९३० पासून नाशिकशी जोडले गेलेले बाबासाहेब आणि हा खटला ह्यांचा एकत्र उल्लेख सहसा होत नाही. वास्तविक सार्वजनिक पाणवठा, सार्वजनिक देऊळ आणि सार्वजनिक ज्ञान ह्यांवरील पहारेकरी पुष्कळदा तेच होते.

कर्व्यांना दंड होत असताना दुसऱ्या बाजूला वृत्तपत्रांत शक्तिवर्धक गोळ्यांच्या आणि ‘हरवलेले पुरुषत्व’ परत देणाऱ्या औषधांच्या जाहिराती निर्वेधपणे छापल्या जात होत्या. भीती वाढविणारा शब्द विकावयास मोकळीक आणि भीती घालविणारा शब्द लिहिल्यास शिक्षा, असा तो न्याय. अशा जाहिरातींना कायद्याने बंदी आली ती १९५४ मध्ये, म्हणजे कर्व्यांच्या मृत्यूनंतर. रुळांलगतच्या भिंतींवरील अक्षरे पाहिली तर त्या कायद्याची महती कितपत आहे हे कळून येते.

गोठ्यातल्या शब्दाचा परिणाम पुढे दिसेल असे वर म्हटले, तो कुटुंबनियोजनात दिसतो. पुरुषाची नसबंदी ही शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आणि कमी धोक्याची असून तिने कामशक्तीवर परिणाम होत नाही. तथापि ‘बंदी’ हा शब्द आणि त्यामागे उभा असलेला ‘खच्ची’ हा शब्द, ह्या दोहोंनी तिला जन्मतःच बदनाम केले. आणीबाणीतील सक्तीने त्यात भर घातली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या शस्त्रक्रियेचे विधेयकच संमत केले होते, ते राष्ट्रपतींच्या मान्यतेअभावी अमलात आले नाही. सक्तीचा विरोध रास्तच होता. पण सक्ती गेल्यानंतरही भीती गेली नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती, आणि पतीची झाली होती अशांचे प्रमाण ०.३ टक्के होते. पुरुषाच्या लज्जेची किंमत कोण भरते, याचा एवढा उघड हिशेब अन्यत्र मिळणार नाही.

नाशिकच्या त्या रात्रीचा स्त्रीवेषधारी नट येथे पुन्हा आठवतो. संगीत रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नटाला शालू-शेल्यांचा मान मिळाला. तमाशातील ‘नाच्या’ला तो मिळाला नाही. दोघांची कला एकाच जातीची, पण एकाचा प्रेक्षक पांढरपेशा आणि दुसऱ्याचा गावकरी. मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिका गाजविणारे गणपत पाटील हे कुटुंबवत्सल गृहस्थ होते, आणि तरी भूमिकेवरून माणसाची पारख करणाऱ्या जगाची झळ त्यांच्या घराला लागलीच. ‘बायल्या’ ह्या शब्दात ‘बाई’ आहे. शिवी होण्यासाठी त्याला आणखी काही लागत नाही. आणि ज्याची ओढच पुरुषाकडे आहे त्याच्यासाठी तर शिवीखेरीज मराठीत फार काळ दुसरा शब्दच नव्हता. ‘समलिंगी’ हा बनविलेला शब्द आहे, पण त्यात निदान निंदा नाही. १९९० मध्ये मुंबईत निघालेले ‘बॉम्बे दोस्त’, १९९४ मधील हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे ह्यांनी २००२ मध्ये स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट ह्यांच्या कामातून ह्या अनुभवाला बोलण्याची भाषा मिळत गेली. खिऱ्यांनी मराठीत लिहिले, हे विशेष. दंडसंहितेचे ३७७ वे कलम १८६२ पासून अमलात होते. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना ते लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला.

वैद्यकाच्या पाठ्यक्रमातील शब्द त्यानंतरही मागेच राहिले. १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग शास्त्रीय आधार नसल्यामुळे काढून टाकला. पुरुषांच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यांच्या यादीत बसविणारा मजकूर मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हटविला. ऑगस्ट २०२४ अखेरच्या नव्या अभ्यासक्रमात तो परत आला, आणि टीका होताच काही दिवसांत तो अभ्यासक्रम मागे घेण्यात आला. दरम्यान १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ३७७ व्या कलमाला प्रतिरूप ठेवलेले नाही. बलात्काराच्या व्याख्येत पीडित व्यक्ती स्त्रीच आहे. बालकांसाठी २०१२ चा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. प्रौढ पुरुषावर दुसऱ्याने जबरदस्ती केली तर आज रुग्णालयातील डॉक्टर त्याच्या जखमा तपासून लिहू शकतो. पोलीस ठाण्यातील कागदावर मात्र त्या कृत्याचे स्वतःचे असे नाव नाही. मारहाण, दुखापत, अवैध अटकाव अशी इतर कलमांची नावे जोडून ती जागा भरावी लागते.